इंग्रजीतील ‘गाय’ आणि फसलेला कट

महोदय,

इंग्रजी बोलण्यात कोणत्याही पुरुषाला सर्रास ‘गाय’ म्हटले जाते. देवनागरीत लिहिताच तो चतुष्पाद होतो, त्याला इलाज नाही. हा शब्द मुळात एका माणसाचे नाव आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला संसदेसकट उडवून देण्याचा कट काही कॅथलिकांनी रचला होता आणि ५ नोव्हेंबर १६०५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास, हाउस ऑफ लॉर्ड्सखालच्या तळघरात बंदुकीच्या दारूच्या ३६ पिंपांची राखण करणारा यॉर्कचा गाय फॉक्स पकडला गेला. सूत्रधार रॉबर्ट केट्सबी; पण नाव झाले ते फॉक्सचे.

पुढे दरवर्षी त्या तारखेला जुन्या कपड्यांत पेंढा कोंबून त्याचे बाहुले करायचे, मुलांनी ते गल्लीत मांडून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पेनी मागायची आणि रात्री ते आगीत जाळायचे, अशी प्रथा पडली. फॉक्स शिकला त्या यॉर्कच्या सेंट पीटर्स शाळेत मात्र आपल्या जुन्या विद्यार्थ्याला जाळत नाहीत. बाहुल्यालाच ‘गाय’ म्हणता म्हणता एकोणिसाव्या शतकात तो शब्द चमत्कारिक, गबाळ्या पोशाखाच्या माणसाला चिकटला आणि अमेरिकेत त्यातली कुचेष्टा गळून नुसता ‘पुरुष’ उरला. आता तर ‘यू गाइज’ ही हाक स्त्रियांच्या घोळक्यालाही मारतात. तिच्यावर तिकडे आक्षेप घेतले जातात आणि मला ते रास्त वाटतात, कारण एकट्या स्त्रीला कोणी ‘गाय’ म्हणत नाही.

– एक वाचक