कामावरून काढायचं असलं तरी माणसाला समोर बसवून सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, बावीस वर्षं मोल्डिंगला (साचे करायला) आहे. ऑर्डर कमी झाल्या की माणसं कमी करावी लागतात हे आम्हाला पण कळतं, मालकाच्या डोक्यावर पण बँकेचं कर्ज असतंय. पण सांगायची पद्धत बघा. मागे एका कारखान्यात सेकंड शिफ्ट सुटताना गेटवर इंग्लिशमध्ये यादी चिकटवली, खानापूरकडून रोज येणारा माझा जोडीदार हातात ग्लोव्हज तसेच धरून यादीत नाव शोधत होता आणि वाचून दाखवायला शेवटी वॉचमनला बोलवावं लागलं. बारा वर्षं काम केलेला माणूस हो तो!

नंतर दुसऱ्या ठिकाणी असाच मंदीचा टाइम आला तर तिथल्या मॅनेजरनं एकेकाला केबिनमध्ये बसवून मराठीत, कन्नडवाल्यांना कन्नडमध्ये, हिशोब दाखवला, आधी सगळ्यांचा ओव्हरटाइम बंद केला, स्वतःचा पगार पण कमी घेतला, तरी चारजण गेलेच. पण शेवटी लागलेले आधी गेले, स्वतःच्या भाच्याला पण सोडलं नाही. वर्षामागे १५ दिवसांचा पगार आणि महिन्याची नोटीस ही काय मेहरबानी नव्हे, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तेच होतं. त्या चौघांतले दोघं काम वाढल्यावर परत आले, कुणाला न विचारता आपल्याच जुन्या मशीनवर जाऊन उभे राहिले.

आपला,
एक फौंड्री कामगार, बेळगाव