मोजलेले दहा किलोमीटर हवेत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या सोमवारच्या अंकात आदल्या दिवशी झालेल्या घाटातल्या मोटार रॅलीची बातमी वाचली. मथळा होता 'सुसाट गाड्यांचा थरार'. त्यातल्या एका गाडीत नेव्हिगेटर, म्हणजे शेजारी बसून वाट आणि वेळेचा हिशेब सांगणारा, म्हणून मी बसलो होतो. दिवसभरात आमचा काटा पन्नाशीच्या वर गेला नाही. एका वडाप जीपनं आम्हाला दोनदा मागं टाकलं; दुसऱ्यांदा तर मागच्या बाकावरच्या आजींनी कीव आल्यासारखं बघितलं.

या प्रकाराला टीएसडी म्हणतात, म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. संयोजक सकाळी रोडबुक देतात. त्यात लिहिलेलं असतं, इथून पुढं सरासरी ३६. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर, किलोमीटरला बरोबर १०० सेकंद. मधेच कुठंतरी करवंदीच्या जाळीमागं मार्शल घड्याळ घेऊन बसलेला असतो. त्याच्यासमोरून तुम्ही कधी जायचं ते सेकंदावर ठरलेलं. आमच्या रॅलीत एक सेकंद उशिराला एक गुण दंड होता आणि एक सेकंद लवकरला दोन. सुसाट जाणाऱ्याचं दिवाळंच निघेल.

मी शाहूपुरीत स्पीडोमीटर आणि टॅक्सी-रिक्षाची मीटरं दुरुस्त करतो. वडिलांचं दुकान. त्यांच्या वेळी सगळा खेळ केबल आणि दातऱ्यांचा होता. जपानी घराण्याच्या गाड्यांत ही केबल किलोमीटरला ६३७ फेरे घेते, हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. एकदा एका जुन्या गाड्यांच्या शौकिनानं 'हाल्डा' नावाचं स्वीडिश रॅली मीटर आमच्याकडं आणलं. त्यात गिअरच्या चिमुकल्या जोड्या बदलून मीटर आपल्या टायरशी जुळवायचं. हाल्डा कंपनी टॅक्सीची मीटरंही बनवायची, हे कळल्यावर वडील दिवसभर खुशीत होते. आपल्याच भावकीतलं निघालं म्हणाले.

आता गिअर गेले, पल्स म्हणजे विजेच्या टिचक्या आल्या. आमच्या गाडीत डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला चार लोहचुंबक बसवलेत आणि समोर एक सेन्सर. मागचंच चाक का, तर पुढची चाकं इंजिन ओढतं, ती खडीवर घसरून फुकट फिरतात. शिवाय वळणावर ती मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. चाकाचा एक फेरा साधारण १.९ मीटरचा, त्यात चार पल्स. म्हणजे दर ४७-४८ सेंटिमीटरला यंत्र एक टिचकी मोजतं. किलोमीटरला किती टिचक्या ते एकदा त्याला सांगितलं की शेवटचा आकडा १० मीटरचा दिसतो. कंपनीच्या ओडोमीटरवर तो बहुधा १०० मीटरचा असतो. सरासरी ३६ ला १०० मीटर म्हणजे १० सेकंद. रॅलीत तेवढ्यात माणूस पाचव्या नंबरवर फेकला जातो.

बातमीत आमचा दुसरा नंबर बरोबर छापलाय. पहिला तीन गुणांनी गेला, त्याची हकिकत अशी.

सुरुवातीला संयोजकांनी ८ किलोमीटरचा पट्टा मीटर जुळवायला दिला होता. त्या दिवसापुरता संयोजकांचा किलोमीटर हाच खरा किलोमीटर. तो हजार मीटरचा असो वा नसो, वाद घालायचा नाही. आधी पंधराएक किलोमीटर फिरून टायर गरम करून घेतले, कारण गार टायरवर जुळवलेला आकडा दुपारी थोडा सरकतो. किलोमीटरला टिचक्यांचा आकडा आला २,१०४. पहिले दोन टप्पे झकास गेले, सहा कंट्रोलवर, म्हणजे मार्शल बसतात त्या जागांवर, मिळून चारच गुण दंड.

जेवणानंतर पंक्चर. तेही नेमकं डावं मागचं. गाडी चालवणाऱ्या माझ्या भाच्यानं अकरा मिनिटांत स्टेपनी चढवली, पुढच्या टप्प्याच्या वेळेआधी पोचलो, मी त्याची पाठ थोपटली. स्टेपनी म्हणजे आपल्याकडं काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे, गाडीवरून उतरवलेलं जुनं टायर. पार गोटा नव्हतं, पण नक्षी चार-साडेचार मिलिमीटरनं कमी होती.

टप्पा सुरू झाला. रोडबुकात ४.२० किलोमीटरला देवळापाशी डावीकडं. देऊळ आलं तेव्हा माझ्या मीटरवर ४.२६. मी काय समजलो, भाच्यानं वळणं बाहेरून घेतली. घाटात हे होतंच. यू-टर्नसारखं वळण दोन मीटर बाहेरून घेतलं की सहा मीटर जास्त चालतं. भाच्याला म्हणालो, आतून घे जरा. मीटरमधून ६० मीटर वजा केले, मागं पडलेले सहा सेकंद भरून काढले आणि निवांत झालो.

तिथंच चुकलो. अंतर दुरुस्त केलं, पण आकडा २,१०४ तसाच ठेवला. ३०० मिलिमीटरच्या त्रिज्येत साडेचार मिलिमीटर कमी म्हणजे दीड टक्का. लहान चाक जास्त फेरे घेतं, यंत्राला वाटतं आपण पुढं आलोय, म्हणून आपण हळू जातो. ९.७० ला, म्हणजे पुढच्या खुणेच्या जेमतेम १०० मीटर आधी, मार्शल बसलेला. देवळापासून साडेपाच किलोमीटर, दीड टक्क्यानं ऐंशी मीटर, आठ सेकंद. आठ गुण. खूण आली, मीटर पुन्हा पुढं दिसलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला. आकडा २,१३६ केला आणि त्यानंतर दिवसभर एकही खूण हलली नाही. तीस वर्षं लोकांना 'टायर बदलला की मीटर तपासा' सांगणाऱ्या माणसाला हे सुचायला साडेपाच किलोमीटर लागले, हे मी दुकानात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

वेळेचंही असंच असतं, पण ते निस्तरायला सोपं. घड्याळ मोबाइलशी लावायचं नाही, संयोजकांच्या घड्याळाशी लावायचं. आमच्या गल्लीतल्या एका इंजिनिअरिंगच्या पोरानं यंदा जीपीएसचं घड्याळ बनवून दिलं होतं. सकाळी चालू केलं तर १८ सेकंद पुढं. पोरगं घाबरलं. त्याची चूक नव्हती. आपल्या घड्याळात पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला अधूनमधून जादा 'लीप सेकंद' घालतात, उपग्रहांच्या घड्याळात ते धरत नाहीत, म्हणून ते आपल्या वेळेच्या १८ सेकंद पुढं असतं, आणि फरक किती ते उपग्रहाकडून कळायला साडेबारा मिनिटांपर्यंत लागू शकतात. चहा होईस्तोवर आपोआप जागेवर आलं.

आता मुद्द्याचं. रॅलीत निदान संयोजक तरी असतात. माझ्या गिऱ्हाइकांना कोण आहे? परवा एक टुरिस्ट गाडीवाला आला. कोकणातून पार्टी आणली होती. त्याच्या मीटरवर ४२१, प्रवाशाच्या मोबाइलवर ४१२. किलोमीटरला १४ रुपयांनी १२६ रुपयांचा वाद, आणि त्यापायी अर्धा तास रस्त्यात तोंडातोंडी. माझ्याकडं आला तो न्याय मागायला. मी टायर पाहिले, घासलेले, म्हणजे मीटर थोडं जास्त दाखवणार. मोबाइल तरी कुठं धुतल्या तांदळाचा? तो ठरावीक वेळानं आपली जागा टिपतो आणि ठिपक्यांमधून सरळ रेघ ओढतो. घाटातल्या वळणांत ते अंतर कमी भरतं. खरं अंतर दोघांच्या मधे कुठंतरी, पण ते सांगायला माझ्याकडं एकही भरवशाचा किलोमीटर नाही.

पूर्वी होता. वडील गाडी घेऊन गावाबाहेर जायचे, हिरव्या डोक्याच्या एका दगडापासून पुढच्या दगडांपर्यंत चालवायचे, मधले २०० मीटरचे छोटे दगड मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचे. तो रस्ता रुंद झाला. दगड उपटले, पुन्हा रोवले, पण जिथं गटार, शेताची वाट किंवा टपरी आडवी आली नाही तिथं रोवले. मागच्या हिवाळ्यात भाच्याला घेऊन पहाटे ५० मीटरची पोलादी टेप लावून मी दोन दगडांतलं अंतर मोजलं. वीस टेपा, दर टेपेला खडूची रेघ, मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला बॅटरी दाखवत. ९६२ मीटर भरले. पुढच्या दोन दगडांत १,०४१. थंडीनं टेप आखडली म्हणावं तर दहा अंशांच्या फरकानं ५० मीटरच्या टेपेत सहा मिलिमीटरही फरक पडत नाही. ज्यांचा रस्ता आहे त्यांच्या कचेरीत अर्ज दिला. दगड वाटसरूच्या सोयीसाठी असतात, मोजमापासाठी नसतात, असं तोंडी उत्तर मिळालं. वाटसरूची ३८ मीटरनं काय सोय झाली, ते विचारायचं राहिलं.

म्हणून मागणी एवढीच. प्रत्येक जिल्ह्याच्या गावाजवळ, फार वळणं नसलेल्या एका रस्त्यावर, नीट मोजलेला १० किलोमीटरचा पट्टा असावा. सुरुवातीला आणि शेवटी रस्त्यावर आडवी पांढरी रेघ, कडेला पाटी, आणि मधे दर किलोमीटरला खूण. माझ्या यंत्राला एक किलोमीटरही पुरेल, पण साध्या गाडीचा शेवटचा आकडा १०० मीटरचा असल्यामुळं एका किलोमीटरवर दोन टक्क्यांची चूक दिसणारच नाही; दहावर ती २०० मीटर होऊन समोर येते. फार खर्चाचं काम नाही. रस्ता बांधताना मोजणीचं यंत्र तिथं उभं असतंच. मॅरेथॉनचा मार्ग मोजणारेसुद्धा आधी टेपेनं मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल जुळवून घेतात आणि मग मार्गावर निघतात. तसा पट्टा आपल्याला एकदाच आखून ठेवायचाय.

टुरिस्टवाले, रुग्णवाहिकेचे चालक, डिझेलचा हिशेब ठेवणारे स्कूलबसवाले, सगळ्यांना तो फुकट वापरता येईल. डांबर नव्यानं पडलं की रेघा पुन्हा मारायला लागतील, तेवढं मात्र कुणीतरी लक्षात ठेवायला हवं.

आणि पुढच्या वर्षी बातमीदारांना आमच्या गाडीत मागच्या सीटवर जागा आहे. फक्त जेवण बेतानं करून यावं, घाटात मी वहीतून डोकं वर काढत नाही आणि गाडी थांबवता येत नाही.

आपला,
एक मीटरवाला,
शाहूपुरी, कोल्हापूर