अमेरिकी चित्रपटांची चिकित्सा सोलापुरातूनही व्हावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील अमेरिकी चित्रपटांवर आपल्या रविवार पुरवणीत अधूनमधून लेख येतात, ही समाधानाची बाब आहे. मात्र हे लेख बहुधा कलावंतांची कारकीर्द, ऑस्करच्या याद्या आणि गल्ल्याचे आकडे यांपाशीच थांबतात. चित्रपट तसाच का घडला, त्याने काय दाखवले आणि काय गाळले, याचा शोध घेणारे लेखन मराठी वृत्तपत्रातही यायला हवे, असे मला तळमळीने वाटते.

१९६८ मध्ये पडद्यावर काय दाखवावे हे ठरवणारी हॉलिवूडची जुनी आचारसंहिता मोडीत निघून प्रमाणपत्रांची नवी पद्धत आली आणि दिग्दर्शकांना मोकळीक मिळाली. १९७५ मध्ये ‘जॉज’ दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या भडिमारासह चारशेहून अधिक चित्रपटगृहांत एकदम झळकला, तेव्हा धंद्याचे गणित बदलले. १९८० मध्ये ‘हेवन्स गेट’ सपशेल आपटल्यावर दिग्दर्शकाच्या भरवशावर पैसा ओतण्याची निर्मात्यांची उमेदही ओसरली.

यांपैकी शेवटच्या दोन घटनांच्या दरम्यान, १९७९ मध्ये, मार्टिन रिट यांचा ‘नॉर्मा रे’ आला. कापड गिरणीतील एक कामगार स्त्री युनियनसाठी उभी राहते, एवढेच त्याचे कथानक. सोलापूरकरांनी अभ्यासाची सुरुवात याच चित्रपटापासून करावी, कारण त्यातील आवाज आपल्या ओळखीचा आहे. सुरुवातीलाच गिरणीच्या गोंगाटाने नायिकेच्या आईला ऐकू येईनासे होते आणि कंपनीचा डॉक्टर ते तात्पुरते असल्याचे सांगून मोकळा होतो. पुढे कामावरून काढल्यावर नायिका पुठ्ठ्यावर ‘युनियन’ असे लिहून टेबलावर चढते, तो पुठ्ठा डोक्यावर धरून सगळीकडे वळते, आणि कामगार एकेक करून यंत्रे बंद करत जातात. फलक धरून उभी असताना ती एक शब्दही बोलत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागांच्या खडखडाटात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना यंत्रे थांबून खाते शांत होणे म्हणजे काय, हे कोणत्याही समीक्षकाने समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही या चित्रपटाला नुसती दाद देऊन भागणार नाही. तो मतमोजणीतील विजयावर संपतो. ज्या घटनांवरून तो बेतला, त्या नॉर्थ कॅरोलायनातील रोआनोक रॅपिड्सच्या गिरण्यांत युनियनने मतदान १९७४ मध्येच जिंकले होते. प्रत्यक्ष करार व्हायला मात्र १९८० उजाडले, म्हणजे चित्रपट पडद्यावर आला तेव्हाही कामगारांच्या हाती करार नव्हता. ती मधली दमछाक चित्रपटात नाही. गोऱ्या आणि काळ्या कामगारांत फूट पाडणारी व्यवस्थापनाची नोटीस कथेत महत्त्वाची आहे, पण काळे कामगार बहुतांशी गर्दीतच राहतात. एका नायिकेभोवती कथा गुंफण्याच्या हॉलिवूडच्या सवयीची ही किंमत आहे, असे माझे मत आहे. आणि गिरण्या बंद पडताना थकीत देण्यांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालणारे कामगार ज्या गावाने पाहिले, तिथल्या प्रेक्षकाला ही उणीव अधिक बोचेल.

म्हणून विनंती अशी की, महिन्यातून एकदा पुरवणीचे अर्धे पान अशा एका चित्रपटाच्या सविस्तर चिकित्सेसाठी राखून ठेवावे, आणि ‘नॉर्मा रे’वरील लेखात चित्रपटाच्या अभ्यासकाबरोबर मागावर काम केलेल्या एखाद्या स्त्रीचे म्हणणेही तिच्याच शब्दांत छापावे.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर