मा. पशुसंवर्धन मंत्री यांस खुले पत्र: आमची गाढवं कुणाच्या ताटात गेली?

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: मांसासाठी होणारी गाढवांची चोरी आणि आमच्या तक्रारीची लागलेली वाट

महोदय,

स. न. वि. वि.

मी नांदेड जिल्ह्यातला, गोदाकाठच्या एका वीटभट्टीवर राबणारा वडार. बी.ए. झालो आहे, म्हणून भट्टीवरच्या सगळ्यांचे अर्ज मीच लिहितो. हा अर्ज आमच्या घरचा आहे. ऐन हंगामात आमची तीन गाढवं रातोरात चोरीला गेली. दोन गाढविणी आणि एक चार दातांचा तरणा नर. सकाळी आईला दावणीला कापलेली दावी सापडली आणि थोड्या अंतरावर पिकअपच्या चाकांचे माग. दोघींपैकी एक पाजती होती. तिचं शिंगरू मात्र चोरांनी तिथंच सोडलं. यावरूनच आम्हाला कळलं की ही गाढवं कामासाठी नेलेली नाहीत. कामाला नेणारा माणूस शिंगरू आधी उचलतो, कारण शिंगरू पुढं असलं की आई मुकाट्यानं मागं येते. ज्याला वजन पाहिजे तोच शिंगरू मागं टाकतो.

आमची सोयरीक आंध्रातही आहे. तिकडच्या नातेवाइकांकडून गाढवाच्या मांसाबद्दल आम्ही कित्येक वर्षं ऐकत आलो आहोत. प्रकाशम, गुंटूर, कृष्णा, पश्चिम गोदावरी या भागांत ते विकलं जातं, हे तिकडच्या वर्तमानपत्रांत अनेकदा छापून आलं आहे. 2022 मध्ये बापट्ल्याला पोलिसांनी छापे घालून ते किलोंनी पकडलंही होतं. खाल्लं की कंबरदुखी जाते, दमा जातो, अंगात जोर येतो, असा तिकडं समज. आमच्या पाच पिढ्या गाढवांसोबत गेल्या. माझ्या बापाची कंबर चाळिशीतच गेली. गाढवात औषध असतं तर ते आम्हाला आधी कळलं असतं.

आता तक्रारीचं सांगतो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण उद्या मला त्याच रस्त्यानं जायचं आहे. आम्ही गेलो तेव्हा पहिला शब्द आला, ‘चरायला गेली असतील, येतील.’ मग ‘गाढवाची कसली कंप्लेंट?’ बाप हात जोडून उभा होता. शेवटी एक कागद दिला. तो घरी येऊन मी नीट वाचला. त्यात तिन्ही गाढवांची मिळून किंमत लिहिली होती 4,500 रुपये. महोदय, त्यातलं एकटं नर आम्ही माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून बावीस हजारांना आणलं होतं. चार दात बघून, खुर उचलून बघून, ओझं टाकून चालवून बघून आणलं होतं. मग 4,500 हा आकडा आला कुठून? त्याचं उत्तर नव्या कायद्यात आहे. भारतीय न्याय संहितेप्रमाणं पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र ठरते. म्हणजे न्यायालयाच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपास करताच येत नाही. पाचशे रुपये जास्त लिहिले असते तर कुणाला तरी मोटारसायकल काढून सरहद्दीपर्यंत जावं लागलं असतं. ते टाळण्यासाठी माझ्या बापाच्या आयुष्यभराच्या पुंजीची किंमत पेनाच्या एका फटकाऱ्यानं पाडली गेली.

आणि हेच सरकार गाढव शोधायला कधी येतं, ते आम्हाला पाठ आहे. नदीपात्रात वाळूच्या गोणीखाली गाढव दिसलं की पंचनामा होतो, जप्ती होते, दंड होतो. तेव्हा गाढव मोजता येतं, ओळखता येतं, त्याचा मालकही तासाभरात सापडतो. चोरी झाली की मात्र गाढव ओळखायचं कसं, असा प्रश्न आम्हालाच विचारतात. आमच्या नराच्या डाव्या कानाला बापानं खाच पाडलेली आहे आणि पुढच्या उजव्या पायावर डागाची खूण आहे. हे आम्ही सांगितलं. कागदावर ते आलंच नाही.

आमच्या दुःखाबद्दल पूर्ण सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. भट्टीचं काम उचलीवर चालतं. दिवाळीनंतर मालकानं साठ हजार उचल दिली, ती पावसाळ्यापर्यंत हजार विटांमागं ठरलेल्या भावानं फेडायची. कच्च्या विटा थापणीच्या जागेवरून भट्टीपर्यंत गाढवं वाहतात, म्हणून तो हिशेब बसतो. गाढवं गेली पण उचल तशीच आहे. आता विटा आई वाहते. एका वेळी डोक्यावर आठ-दहा, पायाखाली तापलेली राख. माझी बायको सात महिन्यांची गरोदर असतानाही ओळीनं विटा लावत होती, तिला परवा बळजबरीनं बसवलं. मालक वाईट नाही, पण तोही म्हणतो, गाढवं आणा नाहीतर उचल परत करा. गाढवं आणायला पैसे पाहिजेत आणि पैसे मिळवायला गाढवं. रात्री बाप उठून दावणीशी जातो, शिंगराला बाटलीनं बकरीचं दूध पाजतो. ते पीत नाही, नुसतं ओरडतं. सगळी भट्टी जागी होते. कुणी काही बोलत नाही.

आपल्या खात्याच्या माणसानं मला ऐकवलं, ‘अहो, बकरं खाता, कोंबडी खाता, मग गाढवाचंच काय एवढं?’ हे बोलणं आजकाल फार ऐकू येतं, म्हणून त्याचं उत्तर नीट देतो. मी मटण खातो. आमच्या जत्रेत बकरं पडतं. कोण काय खातो यावरून मी कुणाला कमी लेखत नाही. नागालँडमध्ये कुत्र्याच्या मांसावर 2020 साली सरकारनं बंदी घातली, ती 2023 मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठानं रद्द केली. तिथल्या लोकांचं खाणं-पिणं त्यांनी ठरवावं, नांदेडात बसून मी त्यांना शिकवणार नाही. दक्षिण कोरियानं 2024 मध्ये त्याच मांसाच्या धंद्याविरुद्ध कायदा केला, तोही त्यांच्या लोकांनी भांडून करून घेतला. माझं म्हणणं ताटाबद्दल नाही. ते मांस येतं कुठून, याबद्दल आहे.

बकरीचं बघा. ती वर्ष-दीड वर्षात दोनदा विते, एका वेळी दोन-तीन करडंही देते. तिला बाजार आहे, भाव आहे, खाटिक आहे, तपासायला डॉक्टर आहे. बकरी विकायलाच पाळली जाते आणि विकताना मालकाच्या हातात पैसा येतो. गाढविणीचा गाभणकाळ वर्षभराचा. एका वेळी एकच शिंगरू. ते ओझं उचलायला लागेपर्यंत तीन वर्षं जातात. असं जनावर मांसासाठी पाळून कुणालाच परवडत नाही. मग हे मांस स्वस्तात येणार कुठून? कुणाच्या तरी दावणीवरूनच येणार. पाळलेलं जनावर आणि खाण्यासाठी वाढवलेलं जनावर यातला खरा फरक हा आहे. माया लावली म्हणून नव्हे (माया तर आम्ही बकरीलाही लावतो), तर त्याच्या पाठीवर एका घराची चूल चालते म्हणून.

आणि आकडे तर सरकारचेच आहेत. 2012 च्या पशुगणनेत देशात सव्वातीन लाखांच्या आसपास गाढवं होती. 2019 मध्ये सव्वा लाखाच्याही आत. सात वर्षांत साठ टक्क्यांवर घट! ट्रॅक्टर आले, टेम्पो आले, मान्य. पण फक्त ट्रॅक्टरमुळं? चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून इजियाओ नावाचं औषध करतात. त्या कातड्याच्या धंद्यानं आफ्रिकेतली गाढवं अशी संपायला लागली की 2024 च्या फेब्रुवारीत आफ्रिकी देशांच्या संघानं कातड्यासाठी गाढवं मारायला अख्ख्या खंडात बंदी घातली. तिथल्या राष्ट्रप्रमुखांना कळलं की गाढव गेलं म्हणजे पाणी आणणारी बाई स्वतः गाढव होते. आपल्याकडं हे कळायला अजून किती गाढवं जायला पाहिजेत? 2024 च्या शेवटी नवी पशुगणना सुरू झाली म्हणतात. आमच्या भट्टीवर मोजायला कुणी आलेलं नाही. म्हणजे पुढच्या आकड्यात आमची गाढवं चोरीच्या आधीच नव्हती.

कायदा नाही असंही नाही. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांत मांसासाठीचे प्राणी ठरवून दिलेले आहेत, त्यात गाढव नाही. एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) 2014 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा कळवलं की यादीबाहेरचा प्राणी कापता येणार नाही. म्हणजे गाढवाच्या मांसाचा प्रत्येक किलो बेकायदा, ते कापण्याची प्रत्येक जागा बेकायदा, आणि ते कुठल्याही डॉक्टरनं तपासलेलं नाही. घोड्या-गाढवांचा ग्लँडर्स नावाचा रोग माणसालाही होतो आणि जीव घेतो, हे आपल्या खात्यातल्या कुठल्याही पशुधन पर्यवेक्षकाला विचारा. पण यादीत नाव नाही म्हणून गाढवाचं रक्षण झालं का? उलट झालं. खाण्याच्या यादीत नाही म्हणून अन्नखातं बघत नाही. दूध देत नाही म्हणून पशुसंवर्धन बघत नाही. किंमत नाही म्हणून पोलीस बघत नाहीत. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा आहे, त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. इतक्या वर्षांत पन्नासाची ती मर्यादा कुणी वाढवली नाही. गोवंशासाठी 2015 पासून कडक कायदा लागू झाला, पाच वर्षांपर्यंत कैद आहे, नाक्यानाक्यावर गाड्या अडवून ताडपत्री वर करून बघतात. त्याच नाक्यावरून आमची तीन गाढवं भरलेली पिकअप गेली असणार. कुणी ताडपत्री वर केली?

केंद्र सरकारनं 2024 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडे, उंट, खेचरांबरोबर गाढवांनाही घेतलं. पन्नास टक्के अनुदान, पन्नास लाखांपर्यंत. मी ते वाचून तालुक्याला गेलो. प्रकल्प अहवाल आणा, सातबारा आणा, बँकेचं कर्जपत्र आणा. आमच्याकडं सातबारा असता तर आम्ही दुसऱ्याच्या भट्टीवर विटा कशाला वाहिल्या असत्या? पन्नास लाखांचा गाढव-प्रकल्प तो टाकील ज्यानं उभ्या आयुष्यात गाढवाच्या पाठीवरचा फोड बघितला नाही. अभियानात जनावरांचा विमा आहे, ओझ्याची जनावरं त्यात बसतात, मालकानं हप्त्याचा थोडाच वाटा भरायचा. विमेवाला म्हणाला, कानात बिल्ला दाखवा, आणि चोरी झाली तर काही मिळणार नाही. बिल्ला मारणारा म्हणाला, गाढवांना मारायचा आदेश नाही. गायी-म्हशींना, शेळ्या-मेंढ्यांना बारा आकड्यांचा बिल्ला आहे. तालुक्याच्या एका पशुमेळाव्यात एका पुढाऱ्यानं माइकवरून आम्हाला शब्द दिला होता की या वर्षी गाढवांनाही बिल्ला आणि विमा देऊ. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. माझा बाप पुढच्या रांगेत बसून वाजवत होता.

आता खरं बोलतो. ही गाढवाची गोष्टच नाही. आम्ही विमुक्त जातीचे. आमच्या लोकांवर जन्मानंच चोर असल्याचा शिक्का होता, तो देशानं 1952 साली पुसला असं पुस्तकात शिकलो. आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी आमच्या पालांवर येते. आमच्या घरात चोरी झाली तेव्हा मात्र गाडीत डिझेल नव्हतं. धरणं आमच्या लोकांनी बांधली, जायकवाडीपासून विष्णुपुरीपर्यंत मातीकामावर वडार होता आणि वडाराचं गाढव होतं. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले, कारखान्यांतून आमदार उभे राहिले. आमच्या वाट्याला रेशनकार्डावरचा पत्तासुद्धा धड नाही, कारण आठ महिने भट्टीवर आणि चार महिने पालावर. मतदानाच्या दिवशी मात्र जीप बरोबर पालापर्यंत येते.

महोदय, मागणं फार नाही. गाढव, खेचर, घोडा यांना बिल्ला मारायचा आदेश काढा, आणि तो मारायला माणूस भट्टीवर पाठवा, आम्हाला तालुक्याला बोलावू नका. चोरीला गेलेल्या जनावराची किंमत ठाण्यातल्या हवालदारानं नव्हे, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यानं ठरवावी, असं गृहखात्याशी बोलून लेखी कळवा. धर्माबाद, बिलोली, देगलूरच्या सरहद्दीवर गाढवांच्या वाहतुकीला मालकीचा कागद लागेल असं करा. विम्यात चोरी घाला. आणि पन्नास लाखांच्या अनुदानाआधी ज्यांच्याकडं दोन-चार गाढवं आहेत त्यांना एक गाढव घेण्याइतकं कर्ज सातबाऱ्याशिवाय द्या.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, मला कळतं. पण एक काम आपण एका फोनवर करू शकता. माझ्या तक्रारीची प्रत या पत्रासोबत आपल्या कार्यालयात पाठवली आहे. त्यातले 4,500 खोडून खरी किंमत लिहायला सांगा, आणि गुन्हा नोंदवून घ्यायला सांगा. हंगाम संपायच्या आत सांगा. पाऊस लागला की भट्टी बंद होईल, आम्ही पाल उचलून दुसरीकडं जाऊ, आणि मग ‘तक्रारदार पत्त्यावर आढळून आला नाही’ असा शेरा मारायला आपल्या यंत्रणेला वेळ लागणार नाही.

आपला,
एक वडार वीटभट्टी मजूर
जि. नांदेड