रात्रपाळीचा हिशेब शिकवणाऱ्या सिस्टरांस

आदरणीय सिस्टर यांस,

सविनय नमस्कार.

आपल्या सेवानिवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ आणि भाषणे झाली. परंतु आपण माझ्यासाठी नेमके काय केलेत, हे तेथे सांगण्यासारखे नव्हते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे, की आपण जे शिकवलेत त्याचा संबंध रुग्णालयात कधी ना कधी खाटेवर पडणाऱ्या प्रत्येकाशी आहे.

आईच्या आजारपणात मी शासकीय रुग्णालयाच्या वॉर्डात तिच्या उशाशी बसत असे, तेव्हा पतसंस्थेत रोजकीर्द आणि खतावणी लिहिणे हा माझा व्यवसाय होता. आईच्या पोटात किती पाणी गेले आणि लघवी किती झाली, हे लिहिण्याचा कागद आपण माझ्या हाती दिलात आणि दुसऱ्या दिवशी तो पाहून विचारलेत, "बेरजा चोख आहेत तुझ्या. नर्सिंगला का येत नाहीस गं?" पदरात शाळेत जाणारे मूल असलेल्या बी. कॉम. बाईला ही चेष्टाच वाटणार. आपण मात्र सगळी माहिती घेऊन बोलत होतात. बी. एस्सी. नर्सिंगला बारावीत विज्ञान लागते, जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला वाणिज्य शाखाही चालते. पण तेथे वयाची कमाल मर्यादा 35 वर्षांची, आणि माझी पस्तिशी जवळ आली होती. आपण सांगितले नसते तर ते दार माझ्यादेखत बंद झाले असते आणि मला कळलेही नसते. परिचारिकांची टंचाई आहे असे म्हणायचे आणि घर-संसार, आजारपणे, माणसांची समजूत काढणे यांत मुरलेल्या बाईला वयाच्या दाखल्यावरून परत पाठवायचे, हा व्यवहार मला आजही उमगलेला नाही.

प्रवेश घेतल्यावर शरीररचनाशास्त्राचे इंग्रजी पुस्तक घेऊन मी संध्याकाळी आपल्या क्वार्टरमध्ये येत असे. परंतु आपली खरी शिकवणी वॉर्डात होती. 500 मिलीलीटरची सलाईन आठ तासांत द्यायची असेल आणि सलाईनच्या नळीचा सेट एका मिलीलीटरला 20 थेंब पाडणारा असेल, तर मिनिटाला साधारण 21 थेंब पडले पाहिजेत. हे गणित मला कागदावर लगेच जमले. आपण मात्र मनगटावरचे घड्याळ ड्रिप चेंबरशेजारी, म्हणजे थेंब पडताना दिसतात त्या नळकांडीशेजारी, धरायला लावून थेंब मोजून घेतलेत, आणि रुग्णाने हात दुमडल्यावर तोच वेग कसा मंदावतो हे दाखवून पुन्हा मोजायला लावलेत. मिरजेत सीमेपलीकडून येणारे रुग्ण अनेक असतात. त्यांना कुठे दुखते हे आपण कानडीत विचारत होतात, आणि उत्तर ऐकताना त्यांच्या कपाळाकडे पाहत होतात.

विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये येथे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव झाले. अशा गावात आरोग्यसेवेच्या सुधारणेवर बोलणारे पुष्कळ भेटतात. नवे यंत्र, नवी इमारत आणि नवे कार्ड यांपुढे ते बोलणे सहसा जात नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच दीड लाखांवरून पाच लाखांवर गेले, याचे मला मनापासून समाधान आहे. कर्ज काढून उपचार करणारी माणसे मी पतसंस्थेच्या खिडकीतून पाहिलेली आहेत. तरीही हिशेबनीस म्हणून एक गोष्ट मला खटकते. योजनेच्या पॅकेजमध्ये खाट, औषधे, शस्त्रक्रिया, जेवण आणि शुश्रूषा यांची मिळून एकच रक्कम असते. औषध कमी केले तर दिसते, शस्त्रक्रिया टाळली तर पैसेच मिळत नाहीत. शुश्रूषेला मात्र स्वतःचे खातेच नाही, त्यामुळे काटकसरीची पहिली कात्री तिच्यावर चालते.

ती कात्री कुठे लागते, हे आपण मला रात्री दाखवलेत. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते आणि त्याला दोन माणसे लागतात. असे सहा रुग्ण असतील आणि प्रत्येकाला दहा मिनिटे धरली, तर दोन तासांतला एक तास दोघींचा तेथेच जातो. वॉर्डात एकच परिचारिका असेल तर पाठीला जखम होणारच. मग तिला निष्काळजीपणाचा मेमो देऊन काय साधते? एका जागी चोवीस तास एक परिचारिका ठेवायची तर आठवड्याला 21 पाळ्या भराव्या लागतात. एकीने सहा केल्या तरी साडेतीन जणी झाल्या, आणि रजा धरल्या तर चारहून अधिक. किती खाटांमागे किती परिचारिका हव्यात याचे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण कागदावर आहे, पण ते तपासायला रात्री दोन वाजता कोणी येत नाही.

पगाराचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने 2016 मध्ये सुचवले होते, की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना 20,000 रुपयांहून कमी वेतन नसावे. आजही ती शिफारस स्वप्नवत वाटणाऱ्या मैत्रिणी मला आहेत. 1947 च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी परिचर्या आयोगाचा नवा कायदा 2023 मध्ये संमत झाला, हे चांगलेच झाले. माझ्या मते पुढची सुधारणा अगदी साधी असावी: प्रत्येक पाळीत किती नोंदणीकृत परिचारिका हजर आहेत, हा आकडा वॉर्डाच्या दारावर नातेवाइकांना वाचता येईल असा लावणे सक्तीचे करावे.

आपल्याला एक बातमी द्यायची राहिली. मी सध्या जेथे काम करते तेथील व्यवस्थापनापुढे मी हाच हिशेब मांडला: पॅकेजची रक्कम ठरलेली असताना पाठीच्या जखमेमुळे वाढलेला प्रत्येक दिवस रुग्णालयाच्याच खिशातून जातो. पुरुष वॉर्डात रात्री दुसरी परिचारिका देऊन काही महिने पाहण्यास ते तयार झाले आहेत. नव्या मुलींना कूस बदलण्याची रीत आपल्याच हातून शिकवली जावी, अशी माझी इच्छा आहे. दुपारी दोनला एक पाळी दुसरीकडे रुग्ण सोपवते, त्या ओव्हरनंतर दोन्ही पाळ्यांच्या मुली एकत्र सापडतात. रविवार सोडून आपल्या सोयीचा वार कळवावा, मी रिक्षा घेऊन न्यायला येईन.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
एक अधिपरिचारिका, मिरज