सूचना : लहान गटाच्या वाचनक्रमासाठी रविवारी बैठक

सर्व पालकांना रामकृष्णहरी.

घरीच शिकणाऱ्या आपल्या ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी संतपरंपरेवर आधारलेला वाचनक्रम ठरवायचा आहे. येत्या रविवारी सकाळी १० वाजता विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात जमू. आई-बाबांपैकी एकाने तरी यावंच. आजी-आजोबा आले तर फार बरं.

येताना :
• मुलासाठी सध्या वापरत असलेलं एक पुस्तक आणा.
• मूल कुठे अडतं ते लिहून आणा – वेलांटी, रफार, जोडाक्षरं.

एक मनापासून सांगते, पाठांतराला वाचन समजू नका. माझी सहा वर्षांची लेक मनाचे श्लोक घडाघडा म्हणते. परवा पुस्तक समोर ठेवलं, तर बोट पहिल्याच ओळीवर आणि तोंड तिसऱ्या श्लोकात. २०५ श्लोक असेच पाठ होतील, अक्षरं मात्र अनोळखीच राहतील.

हरिपाठ रोज कानावर पडू द्या, पण पहिल्या वाचनाला त्यातली जुनी मराठी जड जाते. जनाबाईचं जातं, गोरोबांची मडकी, सावतोबांचा मळा या गोष्टी छोट्या वाक्यांत, मोठ्या टायपात आधी घ्याव्यात, असं माझं मत आहे. जमल्यास त्याच दिवशी मुलांना खरं जातं ओढायला द्यावं.

चमत्कारांच्या कथा किती घ्यायच्या, यावर मतं वेगळी आहेत. ती बैठकीतच मांडा, ग्रुपवर नको.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा. मुलांनाही आणा.