प्रीमो लेव्ही म्हणजे केवळ तो जिना नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत ऑशविट्झच्या नाझी छावणीतून वाचलेले इटालियन लेखक प्रीमो लेव्ही यांच्यावर अर्धं पान लेख पाहून फार बरं वाटलं होतं. मराठी दैनिकात हे नाव क्वचितच दिसतं. पण मथळाच वाचला, ‘चाळीस वर्षांनी छावणीनं गाठलंच!’, आणि मन खट्टू झालं. लेखाचा निम्म्याहून जास्त भाग ११ एप्रिल १९८७ रोजी तुरीनमधल्या घराच्या जिन्यातून ते कसे पडले यावर खर्ची पडला आहे. ‘आत्महत्या’ हा शब्द सात वेळा आला आहे, मी मोजला. ते केमिस्ट होते हे एकदाच, तेही ओझरतं.

मी स्वतः छत्तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होतो, म्हणून मला हे जास्त लागलं असेल. लेव्हींची जवळजवळ सगळी नोकरी रंग आणि व्हार्निशच्या धंद्यात गेली. छावणीतून परत आल्यावर १९४६ साली ते तुरीनजवळ आविल्यानाच्या कारखान्यात लागले आणि छावणीवरचं पहिलं पुस्तक त्यांनी त्याच वर्षी, नोकरी सांभाळून लिहिलं. पुढे अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांच्याशी बोलताना त्यांनी सांगितलं की लिहिताना आपल्यापुढे नमुना होता तो कारखान्यातल्या साप्ताहिक अहवालाचा. नेमका, आटोपशीर, आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येकाला समजेल असा. असे अहवाल मी जन्मभर लिहिले. बॅच बिघडली एवढं लिहून त्यात भागत नाही. कुठल्या टाकीतली, कोणत्या पाळीला, त्यात काय किती पडलं, हे सगळं द्यावं लागतं. लेव्ही छावणीबद्दल अगदी तसंच लिहितात. लाकडी तळव्याचे, मापात न बसणारे बूट पाय सोलतात, जखम चिघळते, माणूस मागे पडतो, मागे पडला की मार खातो, आणि तिथून तो मरणाच्या वाटेला लागतो. कुठेही आवाज चढवलेला नाही. तुमच्या लेखात मात्र ‘रक्त गोठवणारं’ आणि ‘काळीज चिरणारं’ याखेरीज त्यांच्या लेखनाबद्दल एक वाक्य नाही.

लेव्हींच्या आविल्यानाच्या कारखान्यात थिजून घट्ट झालेल्या नारिंगी रंगाचे ढीग पडले होते. लेव्हींनी जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा कळलं की तपासणीच्या सूचनेत एका द्रवाचे ‘२ किंवा ३ थेंब’ हवे होते, ते पुढे कधीतरी ‘२३ थेंब’ झाले, आणि त्यामुळे सदोष माल पास होत गेला. त्यांनी अमोनियम क्लोराइड घालून तो रंग पुन्हा पातळ केला. छावणीतून येऊन वर्षही झालं नव्हतं आणि हा माणूस दिवसा बिघडलेला रंग दुरुस्त करत होता. मला लेव्ही म्हटलं की हे आठवतं.

इतकं चिडण्याचं कारण घरातलं आहे, तेही सांगतो. १९९१ साली माझे थोरले काका दादरच्या चाळीत तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून पडून गेले. रक्तदाबाची गोळी नुकतीच बदलली होती, तोल जायचा. हातात दुधाच्या पिशव्या होत्या. पंचनामा पुरा व्हायच्या आत एका दैनिकात चार ओळी आल्या: ‘आजाराला कंटाळून वृद्धाची आत्महत्या’. तेराव्याला आलेल्या माणसांनी काकूंना विचारलं, घरात काही बोलाचाली झाली होती का? काकू त्यानंतर कित्येक महिने खाली उतरल्या नाहीत. दुरुस्तीसाठी मी आणि चुलतभाऊ दोनदा त्या कचेरीत गेलो, अर्ज दिला, छापून काही आलं नाही. काकांनी एकतीस वर्षं रात्रशाळेत गिरणी कामगारांच्या मुलांना गणित शिकवलं. त्याची ओळसुद्धा कुठे आली नाही.

लेव्ही अखेरच्या दिवसांत खोल नैराश्यात होते, नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती, हे खरं आहे आणि ते लपवू नये. मृत्यूची नोंद आत्महत्या म्हणून झाली आणि त्यांच्या बहुतेक चरित्रकारांनाही तसंच वाटतं. पण त्यांनी चिठ्ठी ठेवली नव्हती. पडण्याच्या थोडाच वेळ आधी इमारतीच्या रखवालदार बाईंकडून त्यांनी टपाल घेतलं होतं. त्यांच्या मैत्रीण, नोबेलविजेत्या रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना आत्महत्या पटली नव्हती, आणि समाजशास्त्रज्ञ दिएगो गाम्बेत्ता यांनी १९९९ साली अपघाताची शक्यता सविस्तर मांडली. लेखात यातलं काहीच नाही. लेव्ही चाळीस वर्षांनंतर ऑशविट्झमध्येच मेले, असं लेखक एली वीझेल म्हणाले होते. ते स्वतः तिथून वाचलेले, त्यांना तो अधिकार होता. आपण ते वाक्य उचलून मथळा करायचा का?

त्या चाळीस वर्षांत त्यांनी काय काय केलं! पहिल्या पुस्तकाला तुरीनच्या मोठ्या प्रकाशन संस्थेनं नकार दिला. १९४७ साली एका लहान प्रकाशकानं २,५०० प्रती काढल्या, त्याही सगळ्या खपल्या नाहीत. आधी नकार देणाऱ्याच संस्थेनं ते १९५८ साली काढलं. मग जर्मन अनुवाद झाला, जर्मन वाचकांची पत्रं आली, त्यांनी उत्तरं लिहिली. शाळाशाळांतून जाऊन मुलांच्या प्रश्नांना तोंड दिलं. फोस्सानोचा गवंडी लोरेन्झो पेरोने छावणीत सहा महिने रोज त्यांना आपल्यातलं सूप आणून देत असे. लेव्हींनी मुलीचं नाव ठेवलं लिसा लोरेन्झा आणि मुलाचं रेन्झो. लोरेन्झोला तुमच्या अर्ध्या पानात जागा मिळू नये?

चुकाही आहेत. लेव्हींना अमेरिकन सैन्यानं सोडवलं नाही, २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत लाल सेना तिथे पोचली. स्कार्लेट फीव्हरमुळे ते छावणीच्या दवाखान्यात पडून होते, म्हणून बाकीच्यांना बर्फातून चालवत नेलं तेव्हा मागे राहिले आणि वाचले. छायाचित्र ऑशविट्झच्याच बिर्केनाउ या दुसऱ्या भागाच्या फाटकाचं आहे, लेव्ही होते मोनोविट्झला, रबराच्या कारखान्याच्या छावणीत. आणि नाव प्रीमो आहे, ‘प्रायमो’ नव्हे.

आणखी एक. पुरवणीतलं पुस्तक परीक्षणाचं पान गेले तीन महिने जाहिरातींनी व्यापलं आहे. ते चालू असतं तर लेव्हींचं एखादं पुस्तक कुणीतरी वाचून त्यावर लिहिलं असतं.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको. पुरवणीतच, लेख होता त्याच जागी छापा.

आपला,
एक निवृत्त केमिस्ट, अंबरनाथ